काकूचं घड्याळ, काकांचा कान

आमचे काका घड्याळजी. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर काकांना पोट आत घ्यावं लागतं. डोळ्याला भिंग, कानांवर हेडफोन, आणि चेहऱ्यावर असं हसू, की हा माणूस इथे नाहीच, कुठेतरी ढगावर पाय हलवत बसलाय. गाणं संपलं तरी हातातला चिमटा बराच वेळ तसाच अधांतरी राहायचा.

बाहेरची रहदारी ऐकू येऊ नये म्हणून आवाज पार वर. मला दारातून गाण्याचे शब्द कळायचे! "अहो, जरा कमी करा की," काकू सांगायची. पालथ्या घड्यावर पाणी. कॉन्सर्ट असली की काका मला घेऊन थेट स्पीकरपाशी उभे, उजवा कान अगदी त्याच्या तोंडाशी. घरी आल्यावर कानात किर्रर्र वाजत राहायचं. "गाणं अजून उतरलं नाही," काका म्हणायचे, आणि मला वेडीला ते खरंच वाटायचं.

रोज सकाळी काकूच्या इवल्याशा घड्याळाला किल्ली द्यायची आणि ते कानाशी धरायचं, हा काकांचा लग्नापासूनचा नेम. एके सकाळी ते म्हणाले, "अगं, बंद पडलं की हे."

त्यांनी झाकण उघडलं. आतलं चाक मजेत हेलकावे खात होतं. काकांनी घड्याळ पुन्हा उजव्या कानाशी नेलं. मग डाव्या. मग माझ्याकडे बघत उजवा कान चोळला. घड्याळ चालूच होतं.

कानांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्टच सांगितलं, "उजव्याचं गेलं ते परत यायचं नाही. डावा तरी सांभाळा. ते किर्रर्र होतं ना, तो कान दुखावल्याचा इशारा होता."

"मग गाणं सोडू?" काकांचा आवाज एवढासा झाला.

"सोडताय कशाला? हळू ऐका. कुणी हाक मारली तर कळली पाहिजे. आणि मध्ये मध्ये कानांना विश्रांती द्या."

आता दुकानात हाक मारली की काका चक्क ओ देतात. रहदारी फार झाली तर आवाज नाही वाढवत, दार लावून घेतात. कॉन्सर्टला आम्ही मागे बसतो, दोघांच्याही कानांत इअरप्लग. "म्हाताऱ्यांसारखं काय मागे!" म्हणून मी आधी फुगले होते. पण गाणं तिथेही येतं, पाण्यावरून आल्यासारखं, सावकाश. शेजारी बघावं तर काका पुन्हा ढगावर.

सकाळी मात्र घर श्वास रोखून असतं. काकू नळ बंद करते, मी पंखा. काका किल्ली देतात, घड्याळ डाव्या कानाशी धरतात आणि डोळे मिटतात. घड्याळाचं काकूला काही पडलेलं नाही. तिला धास्ती असते ती त्या कानाची.

"येतंय?" ती हळूच विचारते.

काका घड्याळ कानाशी आणखी घट्ट धरतात. मला तेवढा वेळही सोसत नाही.

"येतंय," ते म्हणतात.

मग काकू नळ सोडते.