पाहुण्याची कबर

शांतवन जोशी हे नाव ऐकलं की समोरचा माणूस घोटाळतो. शांतवन म्हटल्यावर त्याला चर्च आठवतं, जोशी म्हटल्यावर पंचवटी, आणि दोन्हींची सांगड घालायला तो शांतवनच्या चेहऱ्याकडे बघतो तर आणखीच बुचकळ्यात पडतो. रंग तव्यासारखा काळाभोर, उंची चांगली ताडमाड, आणि डोक्यावर इतके घट्ट, दाट कुरळे केस की शरणपूर रोडवरचा न्हावी त्याला येताना पाहून आधी कंगवा बाजूला ठेवतो. शांतवनला या सगळ्याची सवय आहे. आम्ही नाशिकचेच, एवढं सांगून तो कामाला लागतो.

काम म्हणजे बोर्ड रंगवण्याचं. एके काळी गंगापूर रोडवरच्या निम्म्या दुकानांवर त्याची अक्षरं होती. मग फ्लेक्स आले आणि ब्रशवाल्यांचे दिवस फिरले. बाकीच्यांनी धंदा बदलला, शांतवन मात्र हट्टी. अंबडच्या कारखान्यांत 'धोका', 'हेल्मेट घाला', 'येथे थुंकू नये' लिहीत राहिला आणि त्यावर त्याने मुलगी शिकवली. ती तृप्ती, कृषी खात्यात नोकरीला आहे आणि बापाला अधूनमधून दम देते.

वर्षातलं एक काम मात्र तो हौसेने करी. ईस्टरच्या पहाटे अख्खी मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात उपासनेला जमते, त्याच्या आदल्या आठवड्यात तो कबरींना चुना लावी आणि पुसट झालेली नावं काळ्या ऑइल पेंटने पुन्हा उठवी. जोश्यांच्या सगळ्या कबरी एका ओळीत होत्या. पण पहिला हात तिथे पडायचा नाही. भिंतीलगत कडुलिंबाखाली एक बुटकी, बिननावाची कबर होती. तिला आधी चुना लागायचा, मग घरच्यांना. ही रीत रूथआजीची, म्हणजे शांतवनच्या वडिलांच्या आईची. "आधी पाहुण्याचं, मग आपल्यांचं," असं ती म्हणायची. कोण पाहुणा, कुठला पाहुणा, हे विचारलं की तिला लगेच काहीतरी काम आठवायचं. आजी गेली, वडील गेले, पाहुणा तेवढा शांतवनच्या वाट्याला आला.

त्या कबरीवर दर वर्षी एक चमत्कारिक गोष्ट सापडायची. पळसाच्या पानांचा द्रोण, त्यात मूठभर नागली म्हणजे नाचणी, वर दगड ठेवलेला. शांतवनला वाटे, कुणीतरी करणी-बिरणी करतंय. तो नाक मुरडून द्रोण भिंतीपलीकडे भिरकावी. एका वर्षी तर त्याने फाटकाशी स्वतःच्या हाताने ठसठशीत बोर्ड लिहून लावला: 'कबरींवर पूजेचे साहित्य ठेवू नये'. पुढच्या वर्षी द्रोण पुन्हा हजर.

यंदा जानेवारीत चर्चच्या कमिटीने एक ठराव केला. कबरस्तानात जागा उरली नव्हती, नव्या माणसांना कुठे ठेवायचं हा प्रश्न खराच होता. तेव्हा ज्या कबरींवर नाव नाही आणि ज्यांचा कुणी नातेवाईक पुढे येत नाही, त्या ईस्टरनंतर उकरून जागा पुन्हा वापरायची. कुणाचा दावा असेल तर ईस्टरआधीच्या बैठकीत नातं सांगावं आणि दगडावर नाव लिहावं. ठराव वाचला कमिटीच्या सेक्रेटरीने, म्हणजे शांतवनच्या थोरल्या भावाने, गंगाधरनेच.

गंगाधर म्हणजे निवृत्त हेडमास्तर. इस्त्रीचा शर्ट, तेलाने चापून बसवलेले केस, आणि तोंडात कायम पणजोबांचं नाव. जोश्यांचे पणजोबा पंचवटीतले वेद शिकलेले ब्राह्मण होते, ते ख्रिस्ती झाले, ही गोष्ट खरी होती आणि गंगाधर ती लग्नात, बारशात, प्रसंगी बसस्टॉपवरही सांगे. शांतवनने त्याला विचारलं, पाहुण्याचं काय करायचं? गंगाधर म्हणाला, पाहुण्याचं नातं काय लिहिणार तू, पाहुणा? शांतवन तिथून उठला, पण त्याला चैन पडेना. आजीने त्याच्याकडे दुसरं काही मागितलंच नव्हतं. एवढी एक कबर सांभाळ म्हणाली होती, आणि तीच त्याच्या हातून जाणार होती.

शिमग्याच्या आदल्या दिवशी तो दगडाचं माप घ्यायला म्हणून कबरस्तानात गेला. इतक्या लवकर तो कधीच जात नसे. कडुलिंबाखाली एक म्हातारी बसली होती. गुडघ्यापर्यंत घट्ट कास मारलेलं लुगडं, शेजारी गाठोडं, त्यावर पातेलं बांधलेलं. समोर पळसाचा द्रोण आणि त्यात नागली.

शांतवन तरातरा पुढे गेला आणि त्याने फाटकावरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. म्हातारी काही घाबरली नाही.

"नातीनं वाचला बोर्ड," ती म्हणाली. "पन आमी पूजा कुठं करतो? म्हाताऱ्याला जेवाय देतो."

तिचं नाव फुलाबाई. गाव पेठच्या पलीकडे, डोंगरात. खरिपाचं भात-नागली निघालं की सगळं घर निफाडकडे द्राक्षबागांत कामाला उतरायचं आणि शिमग्याला परत वर जायचं. जाताना वाटेत नाशिकला उतरून इथे नागली ठेवायची, ही तिच्या आईची रीत, आईच्या आधी आजीची. घरची नागली खास यासाठी ती थंडीभर गाठोड्यात जपून ठेवी. शांतवन तिच्यासमोर खाली बसला. मांडीवर मोजपट्टी तशीच राहिली.

कोण हा म्हातारा, असं त्याने विचारलं. फुलाबाईला त्याचं नाव ठाऊक होतं, आणि ते सांगायला तिला कसली लाज वाटत नव्हती. याकूब मिस्तरी. दर्याच्या पल्याडचा. पोरवयात त्याला कुणी पळवून जहाजात घातलं होतं. साहेबाच्या लोकांनी जहाज अडवून सोडवलं आणि इथे शरणपुरात, मिशनच्या वस्तीत आणलं. त्याच्यासारखी पुष्कळ पोरं होती, सुतारकाम-लोहारकाम शिकत. मोठी झाल्यावर बहुतेक परत आपल्या मुलखात गेली. हा गेला नाही. लाकडाच्या कामावर पेठच्या जंगलात आला होता, तिथे एका घरी जेवायला बसला, आणि ताटात नागलीची भाकर बघून रडायला लागला. त्याच्या आईकडे हेच धान्य होतं. मग तो तिथलाच झाला. त्या घरची मुलगी केली. दोन पोरी झाल्या. एक डोंगरात राहिली, ती फुलाबाईच्या आजीची आई. दुसरीला मडमेने इथे शाळेत घातलं; म्हातारपणी तो तिच्याकडे आला आणि इथेच गेला.

"तिच्याकडचं कोनी येत नाय," फुलाबाई म्हणाली. "पन चुना दर साली लावेल असतो. कोन लावतं काय म्हायती."

चुना लावणारा तर समोरच बसला होता. तरी तो सावध माणूस. एवढ्यावरून काय ठरतं, असं तो मनाशी म्हणत होता, तोच फुलाबाईने द्रोण सारखा केला, वर दगड ठेवला आणि हळू आवाजात कबरीला म्हणाली, "घ्या बाबा, विंबी घ्या."

विंबी. हा शब्द शांतवनने उभ्या आयुष्यात एकाच तोंडून ऐकला होता. इतर घरांत पोरं चहा-बिस्किटावर वाढत असताना रूथआजी दोघा नातवांना रोज सकाळी नागलीची आंबील पाजायची आणि म्हणायची, विंबी खा, हाडं धरतील. घरातल्यांना वाटायचं, म्हातारीचा लाडाचा शब्द आहे. आजीची आई मडमेच्या शाळेत शिकलेली होती, हेही त्याला आता आठवलं. फुलाबाईला विचारलं तर ती म्हणाली, त्यो आमच्यातला शब्द नाय, म्हाताऱ्याचा. नागलीला त्याच्या मुलखात तसं म्हनत. बोलता बोलता तिचा पदर सरकला. पांढरे झालेले, पण घट्ट कुरळे केस. शांतवन रडला. साठी ओलांडलेला माणूस, हातात मोजपट्टी, अनोळखी बाईसमोर हमसून हमसून रडला, आणि मग इतकी वर्षं द्रोण कोण फेकत होतं तेही त्याने सांगून टाकलं. फुलाबाईने पदर सारखा केला. मग म्हणाली, पाखरं तर भिंतीपल्याडबी खातात.

घरी आल्यावर तृप्तीने फोनवर शोधून सांगितलं की आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे आजही नागलीला हाच शब्द चालतो. वर हेही सांगितलं की नागली मूळची तिकडचीच, हजारो वर्षांपूर्वी इकडे आली आणि डोंगराने ती आपली मानली.

"म्हणजे पप्पा, याकूबबाबांच्या आधी त्यांची भाकर इथे येऊन बसली होती," ती म्हणाली आणि हसली. मग तिला चेवच आला. फुलाबाईचे लोक कोकणा म्हणवतात, का, तर त्यांचे पूर्वजही कुठल्या तरी दुष्काळात कोकणातून घाट चढून आले असं सांगतात. पंचवटीतल्या जोश्यांना विचारा, तेही गोदावरीकाठी कुठून तरी आलेलेच असणार. या देशात चार पिढ्या मागे गेलं की प्रत्येकजण कुणाच्या तरी दारात पाहुणा म्हणून उभा आहे, असं तिचं म्हणणं. शांतवनला ते सगळं पटलं, पण त्याच्या डोळ्यांपुढे गंगाधर होता.

गंगाधरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कुठेही चूक काढली नाही, आणि हे काही चांगलं लक्षण नव्हतं. मग त्याने विचारलं, शाळेत मला काय म्हणायचे आठवतं का? शांतवनला आठवत होतं. पोरं त्याला हबशी म्हणायची. मागून केसांत पेन्सिली खोचून बघायची, पडतात की राहतात. तेव्हापासून गंगाधर डोक्याला तेल चोपडायला लागला तो आजपर्यंत. पणजोबांची गोष्टही त्याने तेव्हाच हाताशी धरली होती. पोरांना उत्तर द्यायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. आता या वयात पुन्हा ते तोंडावर घेऊ का, एवढंच तो म्हणाला आणि उठून आत गेला. शांतवनला भावाचा राग आला नाही. त्याची फार कीव आली, आणि मायाही.

बैठकीच्या रविवारी गंगाधर सेक्रेटरीच्या खुर्चीत बसून एकेका बिननावाच्या कबरीबद्दल विचारत होता. कडुलिंबाखालची, असं त्याने म्हटलं आणि मान खालीच ठेवली. शांतवन उभा राहिला. त्याला लिहिता चांगलं येतं, बोलता नाही. तो म्हणाला, "ती आमची आहे. याकूब मिस्तरी, आफ्रिकेतून आणलेल्या मुलांपैकी. रूथआजीचे आजोबा. माझे खापरपणजोबा." भावाला त्यात ओढायचं नव्हतं, म्हणून तो मुद्दाम 'माझे' म्हणाला. लोकांनी वळून एकदा त्याच्याकडे आणि एकदा खुर्चीकडे पाहिलं. मागच्या बाकावरची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली की तरीच, रूथबाईचा गळा असा होता, चर्चभर घुमायचा. दोघेचौघे हसले. गंगाधरने नोंद केली आणि पुढच्या कबरीचं विचारलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी शांतवन नेहमीसारखा चुना, ब्रश आणि टर्पेंटाइनची बाटली घेऊन गेला. आधी पाहुण्याचं. फुलाबाईचा द्रोण या वेळी त्याने जागचा हलवला नाही, त्याच्या कडेकडेने चुना लावला. चुना वाळल्यावर दगडावर दोरा मारून ओळी आखल्या आणि लिहिलं: 'याकूब मिस्तरी'. इतर कबरींवर नावाखाली गाव असतं. याचं गाव त्याचं त्यालाच आठवत नव्हतं, असं फुलाबाईने सांगितलं होतं. शांतवनने ब्रश धरून बराच विचार केला आणि लिहिलं: 'नागलीच्या मुलखातून आले'. मग अगदी तळाशी, बारीक ब्रशने, कुणी वाकून पाहिलं तरच दिसेल असं: 'जोशी कुटुंबाचे खापरपणजोबा'.

मागे चपला वाजल्या. गंगाधर उभा होता. शर्ट इस्त्रीचाच, पण डोकं धुतलेलं, तेलाचा थेंब नाही. केस चारी बाजूंनी फुलून वर आले होते. शांतवनने भावाला असं अगदी लहानपणीच पाहिलं असेल. तो खांद्यावरून दगड वाचत राहिला, हेडमास्तर पेपर तपासतात तसा.

"शेवटची ओळ पूस," तो म्हणाला.

शांतवनचा हात थांबला. वाद घालायची त्याला इच्छा नव्हती. त्याने चिंधीला टर्पेंटाइन लावलं आणि ओळ पुसायला घेतली.

"आणि मोठी लिही," गंगाधर म्हणाला. "फाटकातून वाचता आली पाहिजे."

शांतवनने सगळ्यांत जाड ब्रश उचलला. गंगाधर कडुलिंबाच्या मुळाशी टेकला आणि भावासाठी रंगाचा डबा हातात धरून बसला.