डाव्या पंखातली ज्वारी

आमच्या भासऱ्यांनी मळ्यातल्या गोठ्यात विमान जोडायला घेतलं तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर धाकट्या सुनेनं पदर पुढे ओढायचा, ते येताना दिसले की दाराआड व्हायचं, आणि बोलायचं तर मुळीच नाही. तेही माझ्याशी थेट बोलत नसत. काही हवं असलं तर चौकटीकडे बघून म्हणत, "पानी पाह्यजे होतं." मग मी पाण्याचा गडवा उंबऱ्यावर ठेवून मागे सरायची. आमच्याकडे सगळ्याच घरांत असं होतं आणि मला ते सोयीचंच वाटे. माहेरीही मी फार बोलणारी नव्हते. शाळेत गुरुजींनी कविता म्हणायला उभं केलं की माझे तळहात ओले व्हायचे. चौथीनंतर शाळा सुटली याचं मला त्या एका कारणानं बरंच वाटलं होतं.

मळा मालेगावच्या बाहेर होता. वांगी, मिरच्या, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असा भाजीपाला काढायचा आणि बाजाराला न्यायचा. भासरे फौजेत विमानांच्या दुरुस्तीचं काम करायचे. पेन्शन घेऊन ते घरी आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता विहिरीवरचं इंजिन नीट चालेल. ते इंजिन त्यांनी एका दिवसात नीट केलं. दुसऱ्या महिन्यात ट्रकमधून एक सांगाडा आणला. कुठल्याशा लिलावात निघालेलं जुनं, बिनइंजिनाचं विमान होतं ते, एका माणसापुरतं. एक पंख मोडलेला आणि कापडाच्या चिंध्या लोंबत असलेल्या. याला मोटरसायकलचं इंजिन लावून उडवतो, असं त्यांनी जेवताना सांगितलं.

जाऊबाई वाढता वाढता म्हणाल्या, "पाळन्याची दोरी बदला म्हनलं तर दोन महिने होत नाई. अन् इमान जोडून राह्यले."

सासूबाईंना मात्र हरकत नव्हती. "जोडू दे वं," त्या म्हणाल्या. "फौजेतून आलेले मानसं दारू पेतात. हा लाकूड घासते. बरंच आहे."

आणि खरंच ते लाकूड घासतच बसले. पुढचा पंखा त्यांनी सागाच्या पट्ट्या चिकटवून, तासून केला. तो मधोमध एका गजावर ठेवायचा आणि कुठली बाजू खाली जाते ते बघायचं. खाली जाईल त्या बाजूला कानस फिरवायची, चार वेळा, पाच वेळा, आणि पुन्हा ठेवायचा. तो हललाच नाही पाहिजे. मी गोठ्याच्या कुडाच्या फटीतून हे बघत असे. शेणाच्या पाट्या उचलायला जायचं निमित्त असायचं. एखादा माणूस इतका वेळ एका गोष्टीकडे बघू शकतो हे मला नवीन होतं. आमच्याकडे पुरुष कामाकडे बघत नसत, काम सांगत असत.

लाकूड झालं, तारा झाल्या, मग कापडाची वेळ आली. पंखाला उशीच्या अभ्र्यासारखी लांब खोळ लागत होती. गावातल्या शिंप्यानं माप ऐकून विचारलं, "हत्तीचा सदरा हाय काय?" भासरे परत आले आणि चौकटीकडे बघून म्हणाले, "लहानीजवळ मशीन हाये म्हन्ते."

लहानी म्हणजे मी. माझं शिलाईचं मशीन होतं, शेजारपाजारच्या बायकांची पोलकी शिवायची. माझ्या हाताला त्या वयात वळण चांगलं होतं, हे मी आज लिहायला हरकत नाही. जाऊबाईंच्या मार्फत मापं आली, पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं काढलेली. टाका किती बारीक हवा तेसुद्धा त्यावर होतं. मी आठ दिवस मांजरपाटाचे तागे शिवत होते. खोळी पंखांवर चढल्या की टोकाकडची शिवण हातानं बंद करायची होती. त्यासाठी भासरे बाहेर जाऊन उभे राहिले आणि मी गोठ्यात गेले. आधी उजवा पंख झाला, मग डावा.

आणि तिथे मी ती गोष्ट केली.

माझी आई वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायची तेव्हा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी त्यात मूठभर ज्वारी घालायची. शिवलेली वस्तू उपाशी राहू नये म्हणून. मी शिवलेल्या प्रत्येक वाकळीत मीही घालत आले. विमान हे माझ्या हातचं सगळ्यात मोठं काम होतं. त्याचा शेवटचा कोपरा रिकामा ठेवायला माझं मन होईना. वाकळीला एक मूठ, तर एवढ्या पंखाला किती, असा मी हिशेब केला आणि तीन मुठी घातल्या. दाणे आत खळखळू नयेत म्हणून कापडाची घडी करून पक्के टाके घातले. मग वर उग्र वासाचं रोगण चढलं, कापड ढोलासारखं ताणलं गेलं आणि माझे टाके दिसेनासे झाले.

हिवाळ्यात, ज्वारी निघालेल्या वावरात आम्ही बायकांनी धसकटं उपटून सरळ पट्टा करून दिला. सकाळी वारा पडलेला असायचा तेव्हा भासरे विमान त्यावर पळवत. माझे मालक शेपटी धरून थोडे धावत आणि सोडून देत. पहिल्यांदा ते उचललं गेलं तेव्हा माणसाच्या उंचीइतकंच. तेवढंच जाऊन पट्ट्याच्या टोकाला उतरलं. जाऊबाई खाली बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याच उंचीवर जाचं होतं तर झाडावर चढला असता."

पण विमान डावीकडे झुकत होतं. भासऱ्यांनी आपल्या पुढ्यात माझ्याच शिवणाच्या डब्यातला लाल लोकरीचा दोरा चिकटवला होता. उडताना तो सरळ मागे राहिला तर विमान सरळ, आणि तो कधीच सरळ राहत नव्हता. मग तारा ओढल्या, सैल केल्या. इंजिनाच्या ओढीनं होत असेल म्हणून इंजिनाखाली पाचर घातली. उजव्या पंखाच्या मागच्या फळीला पत्र्याची पट्टी लावली आणि रोज बोटांनी जराशी वाकवून बघितली. रोज एक फेरी, रोज पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिणं. जेवताना ते घासाकडे बघत बसत. "मापं बरोबर आहेत," एकदा ते माझ्या मालकांना म्हणाले, "लाकूड बरोबर आहे. मंग डावा जड काहून होते?"

मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. भाकरी तव्यावर जळली.

मालकांना मी सांगितलं. ते खूप हसले. म्हणाले, "तीन मुठी ज्वारीनं इमान झुकते काय? तू बी ना." मग हसणं थांबवून म्हणाले, "अन् झुकत असन तरी त्यायले सांगू नको. तुह्या मशीनसगट तुले माहेरी धाडतीन." ते स्वतः थोरल्या भावाला फार भीत. जाऊबाईंना सांगावं म्हटलं तर त्यांच्या पोटात काही राहत नसे. दुपारपर्यंत ते पाणवठ्यावर गेलं असतं. म्हणून मी गप्प राहिले. पत्र्याची पट्टी वाकवून वाकवून शेवटी विमान बरंचसं सरळ चाललं, आणि मला वाटलं, मिटलं.

मग एका संध्याकाळी ते म्हणाले, "उद्या मेडशीवरून चक्कर मारून येतो. झाडाच्या वरून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठा झाडायला गेले. डाव्या पंखाच्या टोकाखाली जमिनीवर ज्वारीचा कोंडा पडला होता आणि उंदराच्या लेंड्या. मी खाली वाकून वर बघितलं. शिवणीजवळ करंगळी जाईल एवढं भोक होतं, आणि त्याच्या पुढे माझे टाके कुरतडलेले. वीतभर दोरा निघाला होता. वरून, उभ्या माणसाला, काहीच दिसत नव्हतं.

मालक पहाटेच बैलगाडीत वांगी घालून बाजाराला गेले होते. जाऊबाई नदीवर. मी अंगणात गेले, परत आले, पुन्हा गेले. सासूबाईंना सांगायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "काय वं, घुम्यासारखी काय करून राह्यली? चूल पाह्य." मी चुलीशी गेले. तेवढ्यात भासरे आणि त्यांचा रिठदहून आलेला फौजेतला मित्र विमान ढकलत पट्ट्यावर नेत होते. थोड्या वेळानं इंजिनाचा आवाज आला.

चुलीवरची डाळ तशीच टाकून मी वावरात गेले. पळत गेले असं नंतर जाऊबाई सगळ्यांना सांगायच्या, पण त्या तिथे नव्हत्या. मी चालत गेले. इंजिन फटफटत होतं, धूळ उडत होती. ओरडले असते तरी ऐकू गेलं नसतं. शिवाय काय म्हणून ओरडणार? त्यांना काय म्हणायचं हेसुद्धा चार वर्षांत मी ठरवलं नव्हतं. मी सरळ डाव्या पंखाच्या टोकाशी गेले आणि ते दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हातानं बाजूला हो अशी खूण केली. मी सोडलं नाही. मग त्यांनी इंजिन बंद केलं. सगळं एकदम शांत झालं.

"काय झालं?" ते म्हणाले. चौकटीकडे बघून नाही, माझ्याकडे बघून.

"याच्यात ज्वारी हाय," मी म्हणाले.

"कशाची ज्वारी?"

"खायाची."

ते उतरून आले. "कोनं टाकली?"

"मी."

"काहून?"

आईनं शिकवलं म्हणावं तर माहेराला बोल लागला असता. मी म्हणाले, "पोट भराले."

त्यांचा मित्र तोंड फिरवून खोकायला लागला. भासरे हसले नाहीत. त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, "किती?"

"तीन मुठी."

"कोनाच्या? तुह्या का माह्या?"

"माह्या."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, खिशातला पुठ्ठा काढला आणि खरंच काहीतरी लिहिलं. "मंग बरोबर आहे," ते स्वतःशीच म्हणाले, अगदी समाधानानं. महिनाभर न सुटलेली गोष्ट सुटली होती. मला वाटलं, आता हे उडायला बसतात की काय. म्हणून मला पुढचं बोलावं लागलं, आणि ते पहिल्यापेक्षा जड गेलं.

"उंदरं लागले. शिवन गेली. खालून पाहा."

ते खाली वाकले. शिवणीत त्यांनी बोट घातलं तर कापड भसकन आणखी टीचभर उसवलं. मग ते उभे राहिले आणि हात धोतराला पुसत म्हणाले, "जाय, सुई घेऊन ये."

त्यांनी दोन्ही बाजूंनी कापड ताणून धरलं आणि मी शिवलं. उरलेले दाणे काढले तर एक मूठही निघाले नाहीत. बाकीचे उंदरांनी नेले होते. पदर डोक्यावरून खाली आला होता. हात गुंतलेले होते, म्हणून तो तसाच राहिला. ते म्हणाले, "हा टाका अजून बारीक घे." मी म्हणाले, "बारीक घेतला तर कापड कापते." ते म्हणाले, "असं? मंग राहू दे."

घरी गेल्यावर सासूबाईंनी मला उंबऱ्यातच धरलं. भासऱ्यासमोर तोंड उघडलं, पदर पाडला, अख्ख्या वावरानं पाह्यलं. भासरे मागून आले, पाय धुतले आणि म्हणाले, "माय, इमानाच्या कामात लहानी बोलन. घरात नाई बोलली तरी चालते."

आणि तसंच ठरलं. कोणी पुन्हा विचारलं नाही, की हे कसं. घरात मी दाराआडच होते. पण वावरात, पंखाजवळ, आम्ही बोलायचो. रोगण सुकल्यावर तिसऱ्या दिवशी ते मेडशीला जाऊन आले. पत्र्याची पट्टी आधी सरळ करावी लागली होती, कारण आता ती विमानाला उजवीकडे ओढायला लागली असती. उतरल्यावर म्हणाले की एस.टी.च्या थांब्यावरचे लोक हात करत होते आणि लोकरीचा दोरा सगळ्या वाटेनं सरळ होता. मी विचारलं, "वरून आपला मळा केवढा दिसते?" ते म्हणाले, "पोळपाटाएवढा." आयुष्यात मी आपणहून त्यांना विचारलेला तो पहिला प्रश्न. नंतर मी पुष्कळ विचारले. हवा जड कधी होते, हलकी कधी होते, थंडीत इंजिन जास्त का ओढतं. ते सगळ्याची उत्तरं देत आणि मला कळेपर्यंत देत. माझ्याशी इतकं कोणी बोललं नव्हतं. दर उडायच्या आधी मी दोन्ही पंखांच्या शिवणीवरून बोट फिरवायची आणि "जा" म्हणायची. त्याशिवाय ते इंजिन सुरू करत नसत.

असे दोन हिवाळे गेले. मग त्या वावरात नवी विहीर लागली, पाणी चांगलं निघालं आणि घरात ठरलं की तिथे संत्री लावायची. भासऱ्यांनीच ठरवलं, आनंदानं. विमान सुटं झालं. इंजिन फवाऱ्याच्या पंपाला गेलं, लाकूड इकडे तिकडे, कापड कोंबड्यांच्या खुराड्याला.

भासरे आणि मी एकाच घरात पुढे वीस-बावीस वर्षं राहिलो. त्यांचं जेवण मी वाढलं, दुखणं काढलं. पण बोलायची जी जागा होती तिथे आता झाडं होती, आणि नवी जागा मागायचं मलाही सुचलं नाही, त्यांनाही नाही. एकदा संत्र्यांच्या ओळीत आमची समोरासमोर गाठ पडली. सकाळ होती, पानही हलत नव्हतं. ते थांबले आणि वर बघितलं. मीही बघितलं. उडायला इतकी चांगली हवा वर्षातून चार-सहाच दिवस मिळते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी पदर पुढे ओढला आणि त्यांना वाट दिली.