नखं नसलेला किडा

"मॅडम, मी कोलिस्टिन सुरू करतोय," आयसीयूचा डॉक्टर निनाद फोनवर म्हणाला आणि माझा चहा हातातच राहिला.

त्याला घाबरवलं होतं मीच. सकाळी आयसीयूत फोन करून ठणकावून सांगितलं होतं, "सोमारीबाईच्या नळीतून अ‍ॅसिनेटोबॅक्टर आलाय. कुठल्याच औषधाला दाद देत नाही. एकटं कोलिस्टिन उरलंय." खरं सांगते, असा फोन करताना माझ्या आवाजाला धार चढते. मायक्रोबायोलॉजिस्टला एरवी विचारतो कोण? सर्जनला लोक पेढे देतात, आम्हाला लघवीची बाटली. मग असा एखादा दांडगा जंतू सापडला की मीच त्याला नऊ महिने पोटात वाढवल्यासारखी मिरवते.

सोमारीबाई गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याकडच्या जंगलातल्या गावची. पहाटे मोहफुलं वेचायला गेली, तर झाडाखाली अस्वल आधीच जेवायला बसलेलं. त्याने चेहरा, मान, खांदा, सगळं ओरबाडलं. चंद्रपूरला आमच्याकडे आणली, ऑपरेशन झालं, गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवली. जखमा छान भरत होत्या. आता व्हेंटिलेटर काढू म्हणेपर्यंत ताप आला. साधासुधा नाही, कॉट गदागदा हलवणारा. पाठोपाठ किडनी कुरकुरायला लागली. आयसीयूत असा ताप आला की सगळ्यांच्या डोक्यात एकच येतं, रक्तात जंतू शिरला. आणि त्याच सकाळी माझा तो बाणेदार फोन.

कोलिस्टिन हे जुनं इंजेक्शन. बाकी सगळ्यांनी हात टेकले की ते बाहेर काढतात. जंतूला मारतं, पण किडनीलाही सोडत नाही. सोमारीबाईची किडनी आधीच अर्धी दमलेली. म्हणजे जंतू मरेल, बाई डायलिसिसवर जाईल, नाहीतर कायमचीच जाईल. चहा तिथेच ठेवून मी निघाले.

आयसीयूच्या दारात तिचा नवरा झुरूभाऊ उकिडवा बसला होता. मला पाहून उभा राहिला.

"बाई, हे सारे कोनच्या किड्याचं बोलून राह्यले? लय मोठा हाय का थो?"

"मोठा नाही भाऊ, चिवट आहे. औषधाने मरत नाही. पण न मरणं वेगळं आणि फाडणं वेगळं. आता समजा, एखादं अस्वल..."

मी गपकन थांबले. आमच्या चंद्रपुरात काहीही समजवायचं तर जनावर लागतंच. वर्गात पोरांना मी वर्षानुवर्षं असंच शिकवत आले. पण कुणापुढे बोलतोय ते तरी बघावं माणसाने! जीभ हासडून टाकावीशी वाटली.

तो शांतपणे म्हणाला, "अस्वलच म्हना ना बाई. मले तेच समजते."

"एखाद्या अस्वलाचं कातडं इतकं जाड की गोळी लागत नाही," मी चाचरत म्हणाले, "पण नखं बोथट. ते काही करू शकत नाही. आणि एखाद्याचं कातडं पातळ, पण नखं..."

"मंग याले नखं हायेत का नाई?"

आली का पंचाईत! नेमकं तेच मी सकाळपासून पाहिलं नव्हतं. मी फक्त कातडं मोजलं होतं.

आत निनाद सिरिंज भरायला सांगत होता. हा माझा एकेकाळचा विद्यार्थी, म्हणून मी त्याला अजून अरे-तुरे करते.

"थांब. छातीचा एक्स-रे दाखव."

एक्स-रे स्वच्छ. ऑक्सिजनची गरज वाढलेली नाही. नळीतून कफ नावालाच. रक्त तपासायला माझ्याच मशीनमध्ये ठेवलेलं, त्यातही काही उगवलं नव्हतं.

"हा जंतू रक्तात नाही, फुप्फुसात नाही," मी म्हणाले. "नळीत बस्तान मांडून बसलाय नुसता. आयसीयूत गळ्यात नळी असली की असले पाहुणे येतात. याने ताप येत नाही."

"सकाळी तर तुम्ही म्हणालात..."

"सकाळी मी मूर्ख होते."

"आणि आता नाही, हे कशावरून?" पोरगा भडकला होता. "मॅडम, ही गेली तर तुम्ही लॅबमध्ये असाल. बाहेर त्या माणसाला मी सांगायचंय."

मला भीती वाटली. माझं चुकत असेल तर माझ्या शब्दावर एक बाई मरणार होती.

"बरं, मग ताप कशाचा ते सांगा," तो म्हणाला. "डेंगी निगेटिव्ह. स्क्रब टायफस निगेटिव्ह. लघवी साफ. मलेरिया निगेटिव्ह."

मी लगेच माझं ठेवणीतलं भाषण काढलं. "अरे, रिपोर्ट म्हणजे एका दिवसाचा फोटो असतो. माझा नळीतल्या जंतूचा रिपोर्टही तसाच. फोटोवर इलाज करायचा नसतो..."

"मग मलेरियाचाही फोटो जुनाच आहे," निनाद सावकाश म्हणाला. "अ‍ॅडमिशनच्या दिवशीचा."

मी केसपेपर ओढून तारीख पाहिली. दहा-बारा दिवस उलटले होते.

मच्छर चावल्यावर मलेरियाचा ताप लगेच येत नाही, आठवडा-दोन आठवडे जातात. ती आली तेव्हा ताप नव्हता, टेस्ट निगेटिव्ह आली, आम्ही तो विषय संपवला. गडचिरोलीच्या जंगलातली बाई! तिच्या गावात कुणी नुसतं कण्हलं तरी आशाताई आधी मलेरियासाठी बोट टोचते. आणि आम्ही दोघं व्हेंटिलेटर आणि महागड्या मशीनच्या गराड्यात सुपरबग शोधत बसलो होतो.

बोटातून रक्त मीच घेतलं. स्लाइड रंगवली, मायक्रोस्कोपखाली धरली. लाल पेशींत मलेरियाच्या बारीक अंगठ्या, दाटीवाटीने. फॅल्सिपेरम, मलेरियातला सगळ्यात जहाल. याला नखं होती, चांगली धारदार. मी एवढ्या जोरात ओरडत उठले की धक्क्याने बाजूच्या टेबलावरची बाटली सांडली. लघवीचीच होती.

आर्टेसुनेटचं इंजेक्शन सुरू झालं. ताप उतरला, किडनी हळूहळू ताळ्यावर आली, डायलिसिसची वेळ आली नाही. माझ्या सकाळच्या जंतूला आम्ही काहीच केलं नाही. फक्त सोमारीबाईला वेगळ्या खोलीत ठेवलं आणि हात धुण्यावरून मी सगळ्यांचा जीव खाल्ला. बोथट नखंही शेजारच्या कॉटवरच्या अगदी गळून गेलेल्या माणसाला पुरतात.

नळी निघाल्यावर मी तिला भेटायला गेले. अर्धा चेहरा पट्टीत. झुरूभाऊ तिला पेज भरवत होता.

"तुमीच का थ्या किडेवाल्या बाई?" तिने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"हो, मीच."

"मेला का थो किडा?"

"नाही. असेल अजून घशात कुठेतरी. जाईल हळूहळू."

तिने जरा विचार केला. "मंग तुमी का केलं?"

मागे निनाद खोकला. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"काही नाही केलं, बाई," मी म्हणाले.

आता असा जंतू सापडला की फोनवर मी आधी विचारते, पेशंट कसा आहे? मगच जंतूचं नाव सांगते. आवाजाला धार मात्र अजूनही चढते. तीही कुठल्या औषधाला दाद देत नाही.