रंगाऱ्याचा दोरा

निवृत्तीनंतर खून-दरोडे विसरत चाललो, पण ती एका बाटलीची चोरी काही केल्या डोक्यातून जात नाही.

सोलापुरात मी ठाण्याचा प्रमुख होतो. एका कॉलेजच्या प्राध्यापिका सकाळीच तक्रार घेऊन आल्या. सेलेनियम या मूलद्रव्याच्या अतिसूक्ष्म कणांनी किडनीच्या कॅन्सरपासून बचाव होईल का, यावर त्यांचं काम चालू होतं. ते कण मिसळलेल्या नारिंगी पाण्याची बाटली गायब होती.

"साहेब, अजून फक्त काचेच्या बशीतल्या पेशींवर तपासतोय. औषध समजून कुणी प्यायलं तर?" बाई म्हणाल्या.

पंचनाम्याला गेलो. तीन दिवसांपूर्वी प्रयोगशाळा लोकांना बघायला खुली होती आणि ती बाटली दाखवून बाईंनी सगळ्यांना काम समजावलं होतं. कपाटाखाली पांढऱ्या सुताचा तुकडा सापडला, एक टोक नारिंगी. मी कचरा म्हणून टाकणार, तोच आमची महिला हवालदार म्हणाली, "थांबा की साहेब! माझं माहेर विणकराचं हाय. रंग बघायला रंगारी आदी दोरा बुडवत्यात." एवढ्या नोकरीनंतर पुरावा मीच फेकणार होतो!

भेट देणाऱ्यांच्या वहीत पूर्व भागातल्या विणकर वस्तीतला एकच रंगारी होता. त्याच्या घरी गेलो. म्हातारा दारातच बसलेला, बोटं निळी. तासभर विचारलं, पण गडी ताकास तूर लागू देईना. शेवटी मी सहज म्हणालो, "मामा, तो नारिंगी रंग काही पक्का बसला नाही."

"न्हाईच बसला, सायेब! धुतला की उतरला," तो म्हणाला आणि जीभ चावली.

बाटली देव्हाऱ्यात होती, चार बोटं कमी. खाटेवर त्याची बायको पडलेली. तिला किडनीचा कॅन्सर. मी बाटली उचलून विचारलं, "मावशींना पाजलंत?"

"न्हाय. तीन दिस मीच घोट घोट पितोय. आदी एक दोरा बुडवायचा, सायेब. तो टिकला, तर मंग सगळं सूत. मी दोरा झालो की."

"लई शाना!" मावशी खाटेवरून कडाडल्या. "दोरा तुटला असता म्हंजी?" आणि रडायलाच लागल्या.

म्हाताऱ्याला लगेच दवाखान्यात नेलं. सुदैवाने काही झालं नव्हतं. प्राध्यापिकाबाईंनी तक्रार मागे घेतली. त्याच्या उशाशी बसून म्हणाल्या, "आम्हीही दोराच बुडवतोय, मामा. पण त्याला वेळ लागतो. मावशींचं ऑपरेशन चुकवू नका." ते झालंही.

तोवर मी आरोपीला 'का केलंस' विचारायचो, नंतर 'कुणासाठी केलंस' हे आधी विचारू लागलो. तो दोरा अजून माझ्याकडे आहे. आमच्या सौ. तो बघून विचारतात, "तुम्ही झाला असता का हो दोरा?"

या एका चौकशीत मात्र मी अजून जबाब दिलेला नाही.