मधोमध न येणारा आवाज

रेडिओकाकांनी तीस वर्षं कानावर पोट भरलं. झाकण न उघडता ते यंत्राचं दुखणं सांगत. म्हणून बायको परवा म्हणाली, "अहो, घंटा तीनदा वाजली, कान काय गहाण टाकलेत?" तेव्हा ते हसले खरे, पण कान गेल्याची धास्ती मुक्कामालाच राहिली.

आज काम होतं गाणं शिकवणाऱ्या बाईंकडे. त्यांच्या मुलानं होम थिएटरचा रिसीव्हर पाठवलेला, सोबत पाच स्पीकर.

"काका, मला तो सिनेमातला धूमधडाका नको. नुसतं गाणं ऐकायचंय."

"मग दोनच बास."

खिडकीकडे पाठ करून, कपाटामागच्या अंधारात काकांनी तारा सोलल्या, जोडल्या. मेनूत जाऊन बाकीचे स्पीकर बंद केले, स्टिरिओ निवडलं, गाणं लावलं आणि समोरच्या खुर्चीत बसले.

जोडणी बरोबर असली, की गाणारा दोन स्पीकरच्या मधोमध उभा आहे असं वाटायला हवं. तो कुठंच नव्हता. आवाज भिंतींना चाटत फिरत होता, ठेका पोकळ. काकांनी मान वळवली, खुर्ची सरकवली. तेच. कपाळाला घाम फुटला. गेला! डावा कान गेला! आता कोण कुत्रं विचारणार आपल्याला?

बोट घालून एकेक कान तपासायचं धाडस होईना. चोरट्या आवाजात त्यांनी विचारलं, "कसं वाटतंय, बाई?"

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. "छान आहे की."

म्हणजे खोट यंत्रात नाही. काकांनी हत्यारांची पिशवी आवरायला घेतली.

"काका," बाई चाचरत म्हणाल्या, "रागावू नका हं. तुम्ही एवढे घामाघूम झालात म्हणून बोलले नाही. पण गाणारा नेमका उभाय कुठं? विहिरीतून ओरडल्यासारखं वाटतंय."

"तुम्हालाही?" काका ओरडलेच. "खरंच वाईट वाटतंय?"

"अगदी भिकार!"

"देव तुमचं भलं करो!"

बाई बघतच राहिल्या. काका तोवर कपाटामागे घुसले होते. डाव्या स्पीकरच्या तारा उलट्या लागल्या असणार. लालच्या जागी काळ्याची तार, म्हणून दोन्हीकडचे आवाज एकमेकांना खात होते. एका तारेवर बारीक पांढरी रेघ असते, तिच्यावरून ओळखायचं. त्यांनी तार नाकाजवळ धरली, लांब धरली. खिडकीच्या उजेडाकडे वळवली, तरी रेघ दिसेना.

शेवटी म्हणाले, "बाई, जरा इकडं येता? यातली रेघेची तार कुठली, तेवढं सांगा."