आईनं मागितलेलं वल्हं

मुर्रीच्या रस्त्यावर आज सकाळी डांबर तापत होतं. त्या वासानं मी थेट अर्जुनी मोरगावजवळच्या तलावावर जाऊन पोचले. तिथल्या भाड्याच्या होड्यांना असंच ताजं डांबर फासलेलं असायचं.

तेव्हा मी दहावीत होते. रविवारी फिरायला आलेली माणसं तासाभरासाठी नाव भाड्यानं घेत. आई आणि मीही रांगेत उभ्या राहिलो. आमची पाळी आली तसा नाववाला म्हणाला, "संग कोणी माणूस नाही का? बायकाइले नाव नाही देत. बुडाल्या तं?"

"काऊन बुडू?" आई म्हणाली. "याच तलावात शिंगाडे तोडत मोठी झाली मी. वल्हं दे."

मागचे लोक हसले. मी शरमेनं तिचा पदर ओढला. ती सरळ नावेत जाऊन बसली आणि वल्हं मिळेपर्यंत उठली नाही.

मग तिनं नाव अशा सफाईनं काढली की काठावरचं हसणं थांबलं. कमळाची पानं नावेला घासत होती. मधोमध आल्यावर तिनं वल्हं माझ्या हातात दिलं. मला जमेना. नाव जागीच गोल फिरू लागली, तसा काठावर पुन्हा हशा झाला.

"आई, घे ना. लोक हसून राहिले."

"हसू दे. तू चालव."

तेव्हा मला तिचा भयंकर राग आला होता. आज कळतं, नाववाल्याशी ती माझ्यासाठीच भांडली होती. तिनं वल्हं परत घेतलंच नाही. माझे तळहात सोलवटले, पण नाव काठाला मीच लावली.