बाल्कनीतलं केंट

सुधीर गेल्याचं मला इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कळलं. मी एका एजंटशी कंटेनरच्या भाड्यावरून भांडत होतो. फोन उघडला तर एकाखाली एक जोडलेले हात... इतक्या वर्षांचा मित्र, आणि तो आजारी होता हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

सिंगापूरला येण्याआधी तो नोकरीनिमित्त इंग्लंडात, केंट परगण्यात राहिला होता. तिथले किल्ले त्याच्या डोक्यात जे बसले ते निघालेच नाहीत. दर दिवाळीला इथे सिंगापुरात, मरीन परेडच्या भाड्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत तो मातीचा किल्ला करायचा, अळीव पेरून. पण रायगड नव्हे, केंटमधला. त्यातही डोव्हरसारखा अजून उभा असलेला नाही. ज्याचे दगड गावकऱ्यांनी नेऊन संपवले, शेतात नुसता उंचवटा उरला, असा एखादा तो बुरुजांसकट उभा करायचा. "महाराजांचे किल्ले सोडून साहेबाचे पडके कसले गोळा करतोस?" मी म्हणायचो. चिखलातले हात न थांबवता तो म्हणायचा, "महाराजांना तू आहेस ना. यांचं कोण आहे?"

गेल्या वर्षी आम्ही दोघं केंटला जाणार होतो. तिकिटांसाठी मी ट्रॅव्हलवाल्याला रडवलं होतं. सुधीरनं ऐन वेळी 'ऑफिसात काम आहे' म्हणून रद्द केलं. मी त्याच्याशी बोलणं सोडलं. काम नव्हतं, केमो होती.

त्याच्या घरी भेटायला गेलो तेव्हा नंदावहिनींना विचारलंच, "मला का नाही सांगितलं?"

"ते म्हणायचे, 'त्याला कळलं तर तो डॉक्टरशीही घासाघीस करील. मग मला उगाच आशा वाटायला लागेल.'"

मला हे पटलं नाही. आजही पटत नाही. कुणीतरी घासाघीस करायला हवी होती...

वहिनी फ्लॅट सोडून पुण्याला निघाल्या होत्या. बाल्कनीत शेवटच्या दिवाळीचा किल्ला तसाच होता. दिवाळी सरली की किल्ला मोडतात. त्याला मोडवला नसावा. घरमालकीण, एक चिनी आजी, फ्लॅट ताब्यात घ्यायला आली. ही माती राहू द्या, नवा भाडेकरू झाडं लावील, असं मी तिला नाना परींनी पटवून पाहिलं. "मातीच तर आहे, लाह," ती इथल्या सिंगापुरी लकबीत म्हणाली. "सगळं साफ पाहिजे."

शेवटी खुरपं मीच घेतलं. बुरूज सहज सुटले. तळाचा थर मात्र फरशीला धरून बसला होता. पाणी ओतून, ब्रशनं रगडूनही तटाची तपकिरी रेघ राहिलीच. आजी वाकून बघत म्हणाली, "अजून दिसतंय."

"दिसू दे," मी म्हणालो, आणि ब्रश खाली ठेवला.